बटणपट्टीखालचा टाका

उसवणीचे पाते मास्तरांनी कॉलरच्या शिवणीत सरकवले आणि शर्टाचे पुढचे दोन्ही पल्ले डाव्या मुठीत गोळा केले, तोच त्यांच्या अंगठ्याखाली काहीतरी टणक आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या दरम्यान, बटणपट्टीच्या आतल्या अंगाला, मसुराच्या दाण्याएवढे. त्यांनी पाते बाजूला ठेवले, पट्टी उलटी केली आणि ती खिडकीच्या उजेडात धरली.

टिचबटण होते. एक अर्धे वरच्या पट्टीच्या पोटात, दुसरे अर्धे खालच्या पट्टीच्या पाठीवर. दाबले की नेमके बसे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नसे.

शर्ट त्यांच्या पत्नीचा होता. कापड मास्तरांनी निवडलेले, कापणी त्यांची, शिलाई त्यांची, काजेसुद्धा त्यांच्या हातची. टिचबटण मात्र त्यांनी लावलेले नव्हते.

त्यांची पत्नी मोठ्या इस्पितळात नावनोंदणीच्या खिडकीवर बसत असे. तेथील एकूण एक बायकांचे फिकट निळे गणवेशाचे शर्ट गेली अकरा वर्षे मास्तरांच्याच यंत्रावरून जात. आज तिच्या सुट्टीचा दिवस होता. सकाळी चहाबरोबर तिने हा शर्ट यंत्रावर आणून ठेवला होता आणि म्हणाली होती, "कॉलर विरलीय हो, तेवढी उलटून द्या."

ज्याप्रमाणे शिकलेला मनुष्य अक्षरावरून लिहिणाऱ्यास ओळखतो, त्याप्रमाणे मास्तर टाक्यावरून शिवणाऱ्यास ओळखत. चौकातला टेलर दोरा नेहमी दुहेरी घेई. पुलाकडचा म्हातारा शेवटी तीन वेढे देई, जणू शर्ट पळून जाणार होता. खुद्द पत्नीचा प्रश्नच नव्हता. सुईत दोरा ओवायचा म्हटले तरी तिला जीभ बाहेर काढावी लागे. हा हात यांपैकी कोणाचाच नव्हता. दोरा काळा, गुळगुळीत, थोडा ताठ, सुती नव्हे. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ होती, आणि प्रत्येक गाठीची टोके सारख्या लांबीची कापलेली होती.

मास्तरांनी पट्टी पुन्हा उलटसुलट करून पाहिली. खालच्या पट्टीवरच्या गाठी सगळ्या वरच्या अंगाला, शिवणाऱ्याच्या तोंडासमोर होत्या. मेजावर कापड पसरून शिवणारा कारागीर गाठ खाली लपवतो. ज्याला कापडाची दुसरी बाजू हाताला लागतच नाही, त्यालाच गाठ वर ठेवावी लागते. शिवाय हे बटण दोन बटणांच्या बरोबर मध्यावर नव्हते. ते बोटभर वर होते, छाती जेथे सर्वांत भरलेली असते तेथे. पट्टी मोजून ही जागा सापडत नाही. माणसाला समोर बसवून, पाहून सापडते.

म्हणजे टाका घातला तेव्हा कापडाच्या दुसऱ्या बाजूला अंग होते.

 मास्तरांनी पाते उचलले आणि अत्यंत काळजीपूर्वक, कॉलर तेवढीच उसवली.

"झाली का कॉलर?" पत्नी हात पुसत घरातून दुकानाच्या दारात आली.

"होईल."

"आज एवढा वेळ?"

"शिवण जुनी आहे. घाईनं फाटेल." त्यांनी मान वर केली नाही. "शर्टाचं आणखी काही खालीवर झालंय का? बटणबिटण?"

"नाही हो. का?"

"सहज. हातात आहे तोवर बघतो म्हटलं."

"कॉलर तेवढी करा," ती म्हणाली. आणि बोलता बोलता, अंगात घरचे कपडे असतानाही, तिचा हात छातीपाशी जाऊन परत आला.

तो हात मास्तरांनी पाहिला.

त्या दिवसापासून त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. संशय हा उसवलेल्या धाग्यासारखा असतो. एक टोक हाती आले की मनुष्याला तो ओढल्यावाचून राहवत नाही. त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. आरशाखालच्या फळीवर पूर्वी दोन सेफ्टीपिना पडलेल्या असत. कामावर जाताना ती त्या उचलून घेई आणि आल्यावर परत ठेवी. गेले दोनअडीच महिने त्या पिना तेथे नव्हत्या. गेले दोनअडीच महिनेच ती येता-जाता छोट्या डॉक्टरांचे नाव काढत होती. छोटे डॉक्टर नवीन आले होते. छोटे डॉक्टर सर्वांशी हसून बोलतात. छोट्या डॉक्टरांना गर्व म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट आठवली. पण तिचा याच्याशी संबंध आहे असे त्यांना तेव्हा वाटले नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा जेवताना ती म्हणाली होती, "शर्ट पुढून फाकतो हो. बसलं की दोन बटणांमध्ये दार उघडल्यासारखं होतं."

"माझ्या हातचा शर्ट?"

"तुमच्याच हातचा."

"माप चोख आहे," मास्तर म्हणाले होते. "तू पोक काढून बसत असशील. ताठ बसत जा."

तुझे माप मला तोंडपाठ आहे, असे ते तिला लग्नाच्या वर्षी म्हणाले होते, आणि त्यात कौतुकच होते. तेव्हा एकदा तिला दारात उभी करून त्यांनी टेप लावली होती. त्याच मापावरून पुठ्ठ्याचा फर्मा कापला होता, आणि इस्पितळाचे काम मिळाले तेव्हा तोच फर्मा पाया धरून, थोडा कमी-जास्त करून, सर्वांचे शर्ट बेतले होते. टेप पुन्हा तिच्या अंगाला लागली नव्हती. पाठ असलेली गोष्ट मनुष्य पुस्तक उघडून कशाला पाहील? आणि तिनेही शर्टाचा विषय पुन्हा काढला नव्हता.

चौथ्या दिवशी, ती कामावर गेल्यावर, मास्तरांनी दांडीवरचा तिचा दुसरा शर्ट काढून पाहिला. त्यालाही तसेच टिचबटण होते. तोच काळा दोरा, त्याच गाठी. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि शेजारच्या घड्याळवाल्याच्या गाळ्यात गेले.

"काय आणलंस?" घड्याळवाल्याने डोळ्याची काच न काढताच विचारले. "भाकरी बांधून आणल्यासारखा आलायस."

"जरा तुझ्या काचेतून एक टाका बघायचाय."

"शिंप्यानं टाका घड्याळवाल्याला दाखवायचा? मग उद्या मी माझा लंबक न्हाव्याला दाखवतो." त्याने पुडके उलगडले. "बाईमाणसाचा शर्ट दिसतोय."

"गिऱ्हाइकाचा आहे."

"बाई गिऱ्हाईक नसते का?"

"तू टाका बघ रे बाबा."

घड्याळवाला पट्टीवर वाकला. वाकल्यावर मात्र त्याची थट्टा थांबली. बारीक कामाबद्दल त्याला आदर होता. "एक, दोन, तीन, चार. प्रत्येकाची चूल वेगळी. भाऊबंदकी झालेली दिसतेय यांच्यात." मग एकाएकी त्याने काच काढली. "अरे, हे मी बघितलंय. इथं!"

त्याने आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवले. तेथे पांढरी, सरळ रेघ होती.

"भिंतीवरचं घड्याळ लावताना शिडीवरून पडलो नव्हतो का? मोठ्या इस्पितळात चार टाके घातले होते. अस्सेच. वेगळे वेगळे, काळे, टोकं कातरलेले. दहा दिवस आरशात दुसरं काय बघत होतो मी? हा शिंपी नाही, मास्तर. हा माणसं शिवणारा आहे."

मास्तरांचा हात शर्टाकडे गेला आणि तेथेच राहिला. "कोणी घातले होते तुझे?"

"कोणाला ठाऊक! डोळ्यांवर फडकं टाकलेलं. पण हात हलका होता हं. फार हलका."

हे शेवटचे शब्द त्याने बोलायला नको होते. मास्तर शर्ट तसाच काखोटीला मारून दुकानात परतले. मेजावर फिकट निळे कापड पसरलेले होते, त्यावर फर्मा होता, खडूच्या रेघा ओढून झाल्या होत्या. ते कात्री घेऊन कापू लागले. हात हलका होता. फार हलका. कात्री पंचवीस वर्षे ज्या वाटेने जात होती त्या वाटेने गेली. डाव्या हाताचे बोट मात्र आज आपली जागा सोडून पुढे आले होते.

घड्याळवाला धावत आला, त्याने रुमाल करकचून बांधला. "कोपऱ्यावर दवाखाना आहे, चल."

"नको. मोठ्या इस्पितळात जातो."

"एवढ्याशा बोटाला? वहिनींची आठवण आली होय!"

मास्तर हसले नाहीत.

इस्पितळात नावनोंदणीच्या दोन खिडक्या होत्या, पुरुषांची आणि बायकांची. मास्तरांनी पुरुषांच्या खिडकीवर केसपेपर काढला आणि खांबाच्या आडच्या बाकावर बसले. तेथून बायकांची खिडकी तिरपी दिसत होती. पत्नी खाली मान घालून लिहीत होती. आपली बायको परक्या माणसाने पाहावी तशी ते पाहू लागले. कागद घेण्यासाठी ती दर थोड्या वेळाने पुढे वाके, हात लांब करी. शर्ट ताणला जाई. पण पट्टी जागची हलत नसे. टिचबटण आपले काम इमाने करीत होते. तेही मास्तरांना सहन होईना.

इतक्यात पांढऱ्या डगल्यातला एक तरुण घाईने आला, खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून आत झुकला आणि खिशातून एक चकचकीत पुडी काढून त्याने तिच्या पुढ्यात टाकली. काहीतरी बोलला. पत्नी हसली. मोकळे, दात दिसतील असे हसली. तिने पुडी चटकन उचलली आणि इकडेतिकडे पाहून जवळच्या आयाच्या हाती दिली. आया ती पदराआड धरून कोपऱ्यातल्या खोलीत शिरली.

मास्तरांच्या रुमालातून एक थेंब फरशीवर पडला. त्यांचे लक्ष नव्हते.

"ड्रेसिंगवाले कोण? या," कोपऱ्यातल्या त्याच खोलीतून हाक आली.

खोलीत एक वयस्क सिस्टर होती. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिला सगळे टाकेबाई म्हणत. तिच्या मेजावर ती चकचकीत पुडी पडलेली होती. पडद्यापाशी स्टुलावर फिकट निळ्या शर्टातली एक जाडसर बाई हातात फाईल घेऊन बसली होती.

"तू थांब गं थोडी," टाकेबाई तिला म्हणाल्या. "आधी रक्तवाले. हं, दाखवा बोट. अरे बाप रे! कशानं कापलं?"

"कात्रीनं."

"काय काम करता?"

मास्तरांनी पुडीकडे पाहिले. "घड्याळं... घड्याळं दुरुस्त करतो."

टाकेबाईंनी त्यांचा हात उलटा करून उजेडात धरला. बोटांच्या टोकांवरच्या बारीक बारीक छिद्रांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. "असं का," त्या म्हणाल्या. "दोन टाके पडतील. हात हलवू नका."

बोट बधिर करून त्यांनी सुई घेतली. मास्तरांनी मान वळवली नाही. सुई आत गेली, बाहेर आली, दोरा फिरला, गाठ बसली, टोके कातरली गेली. मग दुसरा टाका, त्याची वेगळी गाठ. हात खरोखरच हलका होता.  

नजर टाळण्यासाठी त्यांनी स्टुलाकडे पाहिले. त्या बाईने फाईल मांडीवर ठेवली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधून तिचा शर्ट उघडा पडला होता, दार किलकिले राहावे तसा, आणि आतले पांढरे दिसत होते. मास्तरांनी आपले काज ओळखले. आयुष्यात त्यांनी हजारो शर्ट अंगावर घालून पाहायला लावले होते. परंतु सर्व उभ्या माणसांच्या अंगावर. मास्तरांची नजर पडताच बाईने फाईल पुन्हा छातीशी धरली. त्यांनी खाली पाहिले.

"हा दोरा..." त्यांनी मेजाकडे मान केली. "ही पुडी?"

"पुडीतला मुदत संपलेला आहे. माणसाला चालत नाही, शर्टाला चालतो." टाकेबाई पट्टी गुंडाळू लागल्या. "छोटे डॉक्टर टाकून द्यायच्याऐवजी आम्हाला आणून देतात. खिडकीवरची मागून घेते त्यांच्याकडून. या सगळ्या पोरींचे शर्ट पुढून फाकतात ना! कोण शिंपी आहे देव जाणे. बायका खुर्चीत बसून काम करतात हे त्याला कोणी सांगितलंच नाही बहुतेक."

"सांगितलं होतं की," स्टुलावरची बाई म्हणाली. "तिचाच नवरा आहे ना तो."

"हो, खिडकीवरचीचा. पहिल्यांदा तीच आली होती माझ्याकडं. कागद घ्यायला वाकलं की बायकोबरोबर आलेला बाप्या कागद सोडून भलतीकडंच बघतो, म्हणाली. आतून दोन पिना लावलेल्या, त्या टोचून हे एवढं लाल झालेलं. म्हटलं, अगं, नवरा शिंपी आणि तू पिना टोचून घेतेस? तर म्हणते, मी एकदा बोलले होते. पुन्हा बोलले तर त्यांना लागेल. त्यांचा हातच त्यांचा अभिमान आहे."



"आम्ही तर तक्रारीचा कागद लिहिला होता वर द्यायला," बाई म्हणाली. "सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. हिनं एकेकीला गाठून गळ घातली आणि तो फाडायला लावला. म्हणाली, मी करते काहीतरी. टिचबटणंसुद्धा तीच आणते घरून."

मास्तरांना आपल्या यंत्राचा खालचा खण आठवला. त्यातल्या टिचबटणांच्या पुठ्ठ्यावर निम्म्या जागा रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या जागा त्यांनी गेल्याच आठवड्यात पाहिल्या होत्या, आणि आपणच कोठेतरी वापरली असतील म्हणून खण लोटला होता.

"झालं. पाण्यात घालू नका, आठवड्यानं दाखवा," टाकेबाई म्हणाल्या, आणि मग चष्म्यावरून पाहत, "आणि घड्याळवाले, कात्री जपून."

त्यांनी पडदा ओढून घेतला. बाहेर पडता पडता मास्तरांना पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकू आला. "शर्ट काढू नकोस गं, अंगावरच कळतं कुठं ताणतोय ते. बस अशी. पोट कशाला ओढून धरतेस? श्वास सोड."

खिडकीवरून न जाता ते मागच्या दाराने बाहेर पडले.

पत्नी घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होते. दुकानाच्या मध्यभागी, जेथे कधी खुर्ची नसे, तेथे खुर्ची ठेवलेली होती. एरवी खिळ्यावर असणारा पुठ्ठ्याचा फर्मा मेजावर उताणा पडला होता. मास्तर गळ्यात टेप टाकून उभे होते.

"अगं बाई, बोटाला काय झालं?"

"कात्री लागली. बस."

"कुठं बस?"

"खुर्चीवर. खिडकीवर बसतेस तशी."

तिने पिशवी खाली ठेवली. ती बसली. मास्तरांनी टेप तिच्या पाठीमागून घेतली आणि पुढे आणली. लग्नाच्या वर्षानंतर ते तिला पहिल्यांदाच माप घेताना इतके जवळून पाहत होते. मानेपाशी दोन पांढरे केस होते. ते मापात धरलेले नव्हते.

"टाकेबाई सांगत होत्या," ती समोर पाहत म्हणाली, "आज एक घड्याळवाला आला होता म्हणे. बोटांना सुईची भोकं असलेला."

मास्तरांनी टेप सरळ केली. "असेल."

"दोन टाके घातले तरी हूं की चूं केलं नाही म्हणाल्या."

"त्याच्याजवळ बोलण्यासारखं काही नसेल."

 तिने श्वास आत ओढून धरला होता. मास्तरांना तो टेपमधून कळत होता.

"श्वास सोड."

"सोडला तर वाढेल."

"वाढू दे."

तिने श्वास सोडला. पाठ असलेला आकडा टेपवर मागे पडला.

"आता हात पुढं कर," मास्तर म्हणाले. "कागद घेतेस तसा."

तिने हात लांब केला आणि समोरच्या रिकाम्या हवेतून एक कागद घेतला. टेप ताणली गेली. मास्तरांनी ती सैल सोडली, दोन बोटे. आणि क्षणभर थांबून, आणखी एक.